पब्लिसिटीसाठी घेतली

छोटा व्यापारी स्वतःसाठी कधी काही विकत घेत नाही. जे घेतो ते धंद्यासाठी. दुकानात एसी बसवला तर तो गिऱ्हाइकाला उकडू नये म्हणून. आता त्याचा झोत नेमका गल्ल्यावर येतो आणि गल्ल्यामागे मालक बसलेले असतात, याला कोण काय करणार? पंचावन्न इंची टीव्ही असतो तो सीसीटीव्ही बघायला. मॅचच्या दिवशी चोरही घरीच बसतात हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे तेवढ्यापुरतं चॅनेल बदललं जातं. गोव्याची सहल ही ‘डीलर मीट’ असते. तिथं डीलर कोण होता हे विचारायचं नसतं. नोकरी करणारा माणूस हप्त्यावर महागडा फोन घेतो आणि चारचौघांत सांगतो, “आवडला, घेतला.” धंदेवाल्याला ती सोय नाही. टॅलीमध्ये हौसेचं खातं काढून चालत नाही, आणि घरात तर त्याहून चालत नाही.

त्यामुळे आमच्या गल्लीतल्या भडंगवाल्या मालकांनी दोन शिटांची, छत उघडणारी, परदेशी, सेकंडहँड स्पोर्ट्स कार दारात आणून उभी केली, तेव्हा जमलेल्या पब्लिकनं काही विचारायच्या आतच ते म्हणाले, “पब्लिसिटीसाठी घेतली.”

हे कोल्हापुरात म्हणावं लागलं, ही खरी गंमत. नाद करायला कारण द्यावं लागत नाही असं हे गाव. इथं पेठांच्या फुटबॉल मॅचसाठी दुकानाचं शटर खाली येतं. दिवाळीच्या पाडव्याला गवळी आपल्या म्हशी सजवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा, पुढे कान किटवणारी मोटरसायकल आणि त्या आवाजामागे शेपटी वर करून धावणारी म्हैस. सजवलेली वेगवान वस्तू रस्त्यावर आणून धंद्याची शान दाखवायची, ही आमच्याकडची जुनी आणि खात्रीची पद्धत. फक्त त्यात एक मेख आहे. मिरवणूक संपली की ती म्हैस संध्याकाळी दूध देते. मालकांची गाडी भडंग देत नव्हती.

त्यांच्या आईंनी नेमका तिथंच बोट ठेवलं. गाडीभोवती एक फेरी मारून त्या म्हणाल्या, “चिरमुऱ्याचं पोतं कुठं ठेवायचं हिच्यात?”

“आई, ही माल न्यायची गाडी न्हवं.”

“मग काय न्यायची?”

“नाव न्यायची. आपलं नाव गावभर न्यायची.”

“नाव डोसक्यावर घिऊन चालत गेला असतास की.”

वहिनींचा प्रश्न वेगळा होता. गाडीला मागची शीटच नाही हे त्यांना दारातून दिसलं होतं. “म्हंजे जोतिबाला तुम्ही आणि मी गाडीतनं, आणि पोरं एसटीनं. असंच न्हवं?” मालकांनी यावर टपाचं बटण दाबलं. छत उघडलं, घडी झालं आणि डिकीत गेलं. गल्लीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी म्हणाल्या, “छान. पाऊस आला की पोरं एसटीत कोरडी तरी राहतील.”

या गाडीत चढायचं नसतं, उतरायचं असतं, हे पहिल्याच संध्याकाळी सिद्ध झालं. मालकांचं वजन वर्षानुवर्षं शेंगतेलाच्या सहवासात वाढलेलं. ते आत गेले ते एका दमात, बाहेर आले ते पुतण्याच्या मदतीनं. पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. नजर लागू नये म्हणून पुढच्या बाजूला काळ्या दोऱ्यात लिंबू-मिरची बांधली. मालकांनी गाडी दहा फूट पुढे घेतली आणि लिंबाचा रस निघाला. गाडी जमिनीपासून इतकी खाली होती की तिच्याखाली लोंबणाऱ्या वस्तूला नजर लागायच्या आधी रस्ताच लागत होता.

मग रंगाची बैठक बसली. कोल्हापूरला जाहिरातीची चित्रं काढायला बाहेरून कुणी येऊन शिकवावं लागत नाही. हे बाबूराव पेंटरांचं गाव. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘कल्याण खजिना’चं १९२४ सालचं पोस्टर हे देशात आज शिल्लक असलेलं सगळ्यात जुनं सचित्र सिनेपोस्टर मानलं जातं. ज्या गावानं पौराणिक आणि ऐतिहासिक बोलपट यायच्या आधीच मूकपटांचे पडदे आणि पोस्टरं रंगवली, त्या गावात भडंगाचं एक ताट दारावर घ्यायचं की बॉनेटवर, यावरून आठवडाभर वाद झाला. पुतण्या कमर्शियल आर्ट शिकलेला. त्याचं म्हणणं, संपूर्ण गाडी काळी करायची आणि दारावर एकच लाल मिरची.

“बास?”

“बास.”

“आणि दुकानाचं नाव?”

“मागं. बारीक अक्षरात. ज्याला कळायचं त्याला कळतंय काका.”

“ज्याला कळतंय तो आधीच आपलं भडंग खातोय. न कळणाऱ्यासाठी गाडी घेतली मी.”

व्यापाराच्या दृष्टीनं मालकांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चुकीची होती ती जागा. त्यांना गाडीवर दुकानाचं नाव हवं होतं, संस्थापक म्हणून आजोबांचा फेट्यातला फोटो हवा होता, लसणाच्या पाकळ्या, शेंगदाणे, कढीपत्ता, ‘शुद्ध शेंगतेलातील’, ‘भेसळ नाही’, ‘आमची कोठेही शाखा नाही’, दोन मोबाइल नंबर, एक कधीचा बंद पडलेला पण जुना असल्यामुळे विश्वास वाढवणारा लँडलाइन नंबर आणि फूड लायसन्सचे १४ आकडे, एवढं सगळं हवं होतं. हे छोट्या हत्तीच्या एका फळीवर आरामात मावलं असतं. स्पोर्ट्स कारला फळी नसते. जिच्या अंगावर वारासुद्धा ठरू नये म्हणून इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं डोकं खाजवलं, तिच्यावर आजोबा ठरवायचे होते.

देवाचा प्रश्न त्याहून अवघड. अंबाबाईचा फोटो तर पाहिजेच. पण देव कमरेच्या खाली लावायचा नाही, आणि ही गाडी बहुतेक सगळीच कमरेच्या खाली. वर म्हणून जे काही होतं ते छत, आणि ते बटण दाबलं की डिकीत. देवीला डिकीत घालायला आईंचा विरोध, वहिनींचा विरोध आणि आतून मालकांचाही. शेवटी देवी डॅशबोर्डवर आली आणि गाडीवर तेवढी जागा वाचली म्हणून तिथं पुतण्यानं स्पोर्ट्स कारला शोभतील अशा लाल-पिवळ्या ज्वाळा सुचवल्या. मालकांनी त्या फेटाळल्या. म्हणाले, “भडंग करपल्यागत वाटतंय.”

काम रेडियमवाल्याला दिलं. जन्मभर बुलेटच्या टाक्यांवर वाघ आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर ‘आईचा आशीर्वाद’ चिकटवलेला माणूस. हळदीच्या रंगाचं व्हिनाइल गाडीवर ताणायचं, हीट गननं गरम करून वळणांत बसवायचं, पट्टीनं हवा काढायची, बुडबुडा राहिला तर सुईनं टोचायचा, हे काम सावकाशीचं आणि एकांताचं. एकांत त्याला मिळाला नाही. अँडी वॉरहॉल या अमेरिकन चित्रकारानं १९७९ साली बीएमडब्ल्यूच्या एम-१ या शर्यतीच्या गाडीवर स्वतःच्या हातानं रंग चढवला, तेव्हा त्याला सुमारे २८ मिनिटं लागली असं सांगतात. आणि ती गाडी त्याच वर्षी ल मानच्या २४ तासांच्या शर्यतीत सहावी आली. आमच्या रेडियमवाल्याला पाच दिवस लागले. पण वॉरहॉलच्या डोक्यावर अख्खी गल्ली उभी राहून “जरा वर घ्या,” “आजोबांची मिशी वाकडी झाली,” “चहा घेतलासा का?” असं म्हणत नव्हती.

तयार झालेली गाडी पाहिली तेव्हा मला आजोबांचं वाईट वाटलं. त्यांना मागच्या चाकावरच्या फुगवट्यावर जागा मिळाली होती. समोरून बघितलं तर ते हिंदकेसरी दिसत, बाजूनं बघितलं तर नुकतेच टायफॉइडमधून उठलेले. पेट्रोलचं झाकण लसणाच्या पाकळीत आलं. पण सगळ्यात मोठी करामत उजव्या अंगाला होती. तिथं ‘भेसळ’ हा शब्द मागच्या पत्र्यावर आणि ‘नाही’ हा शब्द दारावर बसला होता. दार बंद असेपर्यंत सगळं नीट. मालक उतरायला लागले की ‘नाही’ दाराबरोबर बाहेर निघून जायचं आणि मागे राहायचं ‘भेसळ’, शेजारी हसतमुख मालक. त्यांना उतरायला वेळ लागत असल्यामुळे हा मजकूर लोकांना सावकाश वाचता येई.

गाडी रंगवून माल खपवायची कल्पना तशी आमच्या मालकांची नव्हे. शर्यतीच्या गाड्या एके काळी आपापल्या देशाच्या रंगात पळत: इंग्रजांच्या हिरव्या, इटालियनांच्या लाल, फ्रेंचांच्या निळ्या, जर्मनांच्या रुपेरी. १९६८ साली लोटसच्या कॉलिन चॅपमननं फॉर्म्युला वनमधल्या आपल्या गाड्यांवरचा हिरवा रंग काढून त्यांना गोल्ड लीफ सिगारेटच्या पाकिटाचे लाल, पांढरे आणि सोनेरी रंग दिले. देश टाळ्या वाजवतो आणि सिगारेट पैसे देते, हा फरक त्याला कळला होता. पण अमेरिकेतल्या ऑस्कर मायर या सॉसेजवाल्यांना मी जास्त मार्क देईन. त्यांनी १९३६ सालीच चक्क सॉसेजच्या आकाराची गाडी करून रस्त्यावर फिरवली. ती वेगवान नव्हती, देखणी तर अजिबात नव्हती, पण ती बघून कुणी “किती अॅव्हरेज देते?” असं विचारलं नसणार. तिच्याकडे बघितल्यावर एकच गोष्ट आठवत होती, आणि ती कंपनी तीच गोष्ट विकत होती.

आमच्याकडे उलटं झालं. गाडी बाहेर पडली की लोकांना सगळं काही आठवायचं, भडंग सोडून.

पहिला आठवला तो कायदा. ताराराणी चौकात हवालदारांनी गाडी बाजूला घेतली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ असं सांगतं की गाडीत असा बदल करायचा नाही की आरसी बुकातला तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांचा मेळ बसणार नाही. रंग बदलायचा तर आरटीओत रीतसर नोंद करून घ्यायची. मालकांनी नोंद केली नव्हती. स्टिकर म्हणजे रंग नव्हे, असं रेडियमवाल्यानं त्यांना सांगितलं होतं आणि रेडियमवाल्याचं कायद्याचं शिक्षण त्याच्या टपरीतच झालं होतं.

“कागदावर पांढरा रंग लिवलाय,” हवालदार म्हणाले.

“पांढराच हाय साहेब.”

“कुठं दिसंना.”

“आजोबांच्या फेट्यात बघा.”

हवालदारांनी फेटा निरखून बघितला, आजोबांना मनातल्या मनात नमस्कार केला असावा, आणि चलनाचं मशीन बाहेर काढलं.

दुसरा आठवला तो कर. मालकांचा असा पक्का समज होता की गाडी जाहिरातीसाठी आहे, सबब तिच्यावर होणारा सगळा खर्च सरकार आपल्याला या ना त्या वाटेनं परत करेल. सीए म्हणाले, प्रवासी मोटारीवरच्या जीएसटीची वजावट कलम १७(५) नं अडवून ठेवली आहे. गाड्या विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि ड्रायव्हिंग शिकवणारे यांनाच काय ती मोकळीक. मालक म्हणाले, “पण हिच्यात प्रवासी बसतच न्हाईत.” सीए म्हणाले, “तो मुद्दा कायद्यात नाही. हवं तर ड्रायव्हिंग स्कूल काढा.” मालक दोन मिनिटं खरोखर विचारात पडले होते, असं पुतण्या सांगतो. आयकरात वर्षाला १५ टक्के घसारा मात्र मिळेल, अशी सीएंनी जाता जाता आशा दाखवली. मालक म्हणाले, “एवढाच? माझा तर रोज होतोय.”

तो खरंच रोज होत होता, आणि त्याला आमचे गतिरोधक कारण होते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमानं गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे गाडी त्यावरून अलगद वर जाते आणि अलगद उतरते. पण आमच्या भागातले निम्मे गतिरोधक हे काँग्रेसनं नव्हे, अपघातानंतर चिडलेल्या गल्लीनं रातोरात घातलेले. त्यांची उंची त्या रात्रीच्या रागावर अवलंबून. असे रस्ते असूनही आपल्याकडे दोन शिटांच्या गाड्या झाल्याच नाहीत असं नाही. गोव्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीला सॅन स्टॉर्म नावाची उघड्या छताची छोटी गाडी निघाली होती. फायबरची बॉडी, रेनॉचं १.२ लिटरचं इंजिन, ताकद ६० अश्वशक्तीच्या आसपास. आपल्या गरजेपुरती हौस. दिलीप छाब्रियांनी २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोत अवंती दाखवली, तिचं पोट रस्त्यापासून १७० मिलिमीटर वर होतं. करणाऱ्यानं आपले रस्ते बघितले होते हे त्यावरून कळतं. मालकांची गाडी ज्यांनी केली त्यांनी आमची पापाची तिकटी बघितलेली नव्हती.

त्यामुळे प्रत्येक गतिरोधकावर एक सोहळा होई. मालक गाडी तिरकी घेत. पुतण्या उतरून पुढे वाकून बसे आणि हातानं इशारे करी. मागच्या रिक्षावाल्याचा संयम संपला की तोही उतरून मदतीला येई, कारण त्याखेरीज पुढे जायला वाट नसे. “डावं घ्या, डावं… थांबा… आता सोडा.” एक चाक चढायचं, मग दुसरं, मग खालून असा आवाज यायचा की पेठेतल्या म्हाताऱ्या माणसांनी कानावर हात ठेवावा. ताशी २५० किलोमीटर जाऊ शकणारी ती गाडी महाद्वार रोडवरून माणसाच्या चालीनं जायची. जाहिरातीच्या दृष्टीनं हे उत्तम. फूड लायसन्सचा शेवटचा आकडासुद्धा लोकांना वाचता येत होता. वेगासाठी मोजलेले पैसे संथपणासाठी सत्कारणी लागल्याचं दुसरं उदाहरण मी पाहिलेलं नाही.

लोक बघत होते यात शंकाच नाही. रंकाळ्यावर संध्याकाळी गाडी उभी केली की पोरं फोटोसाठी रांग लावत. मालकांनी हौसेनं सँपल म्हणून पुड्या ठेवल्या होत्या. पोरं एका हातानं भडंग खात, दुसऱ्या हातानं फोटो काढत, आणि फोटोत आजोबा येऊ नयेत म्हणून अँगल बदलत. गाडीवरच्या दोन्ही मोबाइल नंबरांवर फोन यायला लागले, तेव्हा मालकांनी एक मुलगी फोन घ्यायला ठेवली. पहिला फोन लग्नासाठी गाडी भाड्यानं मिळेल का म्हणून. दुसरा, वरातीला नवरदेव छतातून उभा राहिला तर चालेल का म्हणून. तिसरा एका युवा नेत्याच्या वाढदिवसासाठी, ‘फक्त ते म्हाताऱ्याचं चित्र एक दिवस झाकता येईल का?’ अशा विनंतीसह. भडंगाची चौकशी करणारा फोनही आला. तो जयसिंगपूरच्या एका पाहुण्यांचा होता आणि त्यांना आमच्याकडच्या भडंगात लसूण कमी असतो एवढंच सांगायचं होतं.

इथं मला या सगळ्या प्रकारातलं खरं अर्थशास्त्र दिसलं, आणि ते जाहिरातीच्या पुस्तकात शिकवत नसावेत. गाडी भडंगाची जाहिरात करत नव्हती. ती मालकांच्या शिलकीची जाहिरात करत होती. फेटा, लसूण, शेंगतेल हे सगळं लोकांनी एका वाक्यात वाचलं: ह्यांच्याकडे लई पैसा झालाय. सगळ्यात आधी तालमीच्या पोरांनी वाचलं. गणपतीची वर्गणी दरवर्षी मालक स्वखुशीनं देत ती रक्कम पोरांनी पावतीवर स्वतःच लिहून आणली, तीही एक शून्य वाढवून. “मालक, गाडीकडं बघून लिवलंय,” म्हणाले. शेंगदाण्याचा व्यापारी पूर्वी महिनाभर थांबायचा, तो आता रोख मागायला लागला. स्पोर्ट्स कारवाल्याला उधारी कशाला लागते, हा त्याचा प्रश्न बिनतोड होता. कढईवरच्या कामगारांनी पगारवाढीचा विषय काढला तो गाडी पुसता पुसता. दूरच्या एका चुलत मेहुण्याला बऱ्याच वर्षांनी नात्याची आठवण झाली. आणि गिऱ्हाइकं? एक निवृत्त मास्तर दुकानात उभं राहून मोठ्यानं हिशेब करायचे. चिरमुरे एवढ्याचे, शेंगदाणे एवढ्याचे, तेल एवढ्याचं, पुडी एवढ्याची, मग पाव किलोमागं ह्या गाडीचं एक चाक तरी सुटत असलं पाहिजे. मास्तरांचा हिशेब चुकीचा होता, पण आवाज खणखणीत होता.

पलीकडच्या गल्लीत दुसरे एक भडंगवाले आहेत. माणूस शांत. त्यांनी काही दिवस सगळं बघितलं आणि दुकानासमोर एक पाटी लावली: ‘आमच्याकडे गाडी नाही. म्हणून भडंग स्वस्त.’

त्या पाटीचा फोटो दुपारपर्यंत गावभर फिरला. मालक खवळले. त्यांनी संध्याकाळी उत्तर म्हणून पाटी लावली: ‘गाडीचे पैसे आम्ही गिऱ्हाइकाकडून घेत नाही.’ यावर “मग कुणाकडून घेता?” असं रात्रीत कुणीतरी खडूनं खाली लिहून गेलं. तोही फोटो फिरला. शनिवार-रविवारी शाहूपुरीतून, राजारामपुरीतून माणसं दोन्ही दुकानांत आली, दोघांकडचं पाव-पाव किलो घेतलं आणि मधल्या चौकात उभं राहून कुठलं सरस यावर भांडली. दोघांचाही माल दुपारी संपला. मालकांच्या दुकानात त्यांच्या आठवणीत एवढी विक्री कधी झाली नव्हती. त्या दोन्ही दिवशी गाडी कुठं होती? गॅरेजात. खालचा काहीतरी भाग गतिरोधकाला देऊन आली होती. म्हणजे उभ्या कोल्हापुराला तोंडपाठ झालेली जाहिरात दोन पाट्यांची आणि एका खडूच्या तुकड्याची. माल मात्र नेहमीप्रमाणे छोट्या हत्तीतून पोचला. त्या टेम्पोवर, सपाट, प्रशस्त, चारी बाजूंनी दिसणाऱ्या फळ्यांवर, आजही दुकानाचं नाव नाही. मागे फक्त ‘आवाज द्या’ एवढं लिहिलेलं आहे.

हे मी मालकांना बोलून दाखवलं. ते रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, “टेम्पोवर नाव घालू की. पण टेम्पो चालवायला मजा न्हाई.” एवढं बोलून त्यांनी इकडंतिकडं बघितलं; दुकानात कुणी नव्हतं.

आता ते आठवड्यातून एकदा पहाटे गाडी काढतात. गतिरोधकांवर मदतीला पुतण्याला उठवतात, हायवेला लागल्यावर त्याला चहाच्या टपरीवर उतरवतात आणि कागलच्या दिशेनं निघतात. छत उघडं, कानटोपी घातलेली. पहाटे हायवेवर पब्लिसिटी कुणासाठी, असं मी एकदा विचारलं. “ट्रकवाल्यांसाठी,” ते म्हणाले. “लई मोठं मार्केट हाय ते.” ट्रकवाल्यांनी हळदी रंगाचा एक पट्टा शेजारून गेलेला बघितला असेल, आजोबांपर्यंत त्यांची नजर पोचली असेल असं मला वाटत नाही. पण मालक परत येतात तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितलेला आहे, आणि तो गिऱ्हाईक मिळालेल्या माणसाचा नसतो, त्याहून बराच बरा असतो. माझा निकाल विचाराल तर ही गाडी म्हणून पैसे वसूल आहे, जाहिरात म्हणून पार फसलेली आहे, आणि तिच्यावरचा सगळा मजकूर उद्या काढून टाकला तर भडंगाच्या विक्रीत मूठभरही फरक पडणार नाही. मजकूर काढता मात्र येत नाही. तो काढला तर आईंना काय सांगायचं?

तेव्हा कधी कोल्हापुरात आलात आणि एखाद्या गतिरोधकावर तिरकी होऊन अडकलेली हळदी रंगाची गाडी दिसली, तर आधी जरा हात लावून ढकला. फोटो हवा तर काढा. मालक स्वतः बाजूला सरकून जागा देतील, फक्त त्यांना दार बंद करायला सांगा. पण तिथूनच पुढे निघून जाऊ नका. दुकानात या आणि निदान पाव किलो घ्या. लसणाचं घ्या, ते खरंच चांगलं असतं. गाडीचे अजून ३४ हप्ते बाकी आहेत.